शेठजींच्या मळ्यातली माती

बंद पडलेल्या रंगकारखान्याच्या जागेवर गरिबांसाठी स्वस्त घरं होणार होती. तिथला जुना पाया खणून काढताना उडालेल्या विषारी निळ्या धुळीनं भैरूच्या दादाचा जीव घेतला. सोडतीत दादाला लागलेल्या घरात आता वहिनी लेकराला घेऊन राहणार होती. भैरूच्या मुंडण केलेल्या डोक्यावर अजून केससुद्धा उगवले नव्हते.

भूमिपूजनाला बिल्डर धनराजशेठ गालिच्यावरून चालत आले. चौरंगावर त्यांच्याच मळ्यातली काळीभोर माती पाटीभर आणून ठेवली होती. शेठजींनी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि माइक धरला. "माती अगदी शुद्ध आहे. कुणाला शंका?"

भैरू ताडकन उठला. "शंका नाही शेठजी, पत्ता विचारायचाय. भटजीकाका, ज्या भूमीची पूजा झाली, घरं तिथंच बांधायची ना?"

"अर्थात!" भटजी बोलून गेले.

"मग चला रे सगळे मळ्यात! पूजा तिथल्या भूमीची झालीय. शेठजी, विहिरीजवळचं घर आमच्या वहिनीला द्या."

मांडवात हशा उसळला. शेठजी लाल झाले. "अरे, ती नुसती पूजेपुरती आणली!"

"असं होय!" भैरूनं गालिच्याबाहेरच्या निळ्या मातीकडे बोट दाखवलं. "मग आता हिची पूजा करा. बूट काढा, खाली बसा, हिचाच टिळा लावा."

शेठजींनी निळ्या मातीकडे पाहिलं. गालिच्यावरून पाय काही उतरेना.

"आधी ही माती उचलून नेतो, मगच बांधतो," ते पुटपुटले.

"माइकवर बोला शेठजी," भैरू डोळे पुसत म्हणाला, "वहिनी पार मागं बसलीय."