चिमीच्या अंड्यांवरचे ऊन

विषय : आभाळाच्या चादरीचे भोक बुजवण्याबाबत.
अर्जदार : चिमी बेडकी, राहणार हौदामागचे डबके.

चिमीने डबक्यात अंडी घातली. मऊ मऊ. गोल गोल. आत काळे काळे ठिपके.

वर ऊन आले. ऊन रोजच येई. पण आता ते चावू लागले. चर्र! चर्र!

“अगं बाई, माझी पिल्लं!” चिमी म्हणाली, आणि निघाली.

टुणुक टुणुक, डोंगरावर.

“सूर्यदादा, सूर्यदादा! अंडी भाजतात. चावू नका ना!”

सूर्य म्हणाला, “चिमे, मी आहे तसाच आहे. माझं चावरं ऊन ओझोनची चादर वरच्या वर अडवते. तिला भोक पडलंय. ती जुळली, तर मी चावणार नाही. जा तिच्याकडे.”

टुणुक टुणुक, ढगावर. (कशी चढली? आई होती. चढली.)

“चादरबाई, चादरबाई! अंडी भाजतात, सूर्य ऐकेना. जुळा ना!”

चादर म्हणाली, “जुळते गं रोज! पण खालून एक गॅस वर येतो. त्याच्या पोटातला क्लोरीन मला कुरतडतो. कुर्रम कुर्रम! तो थांबला, तर मी जुळेन. जा त्याच्याकडे.”

टुणुक टुणुक, वाऱ्यावर.

“गॅसभाऊ, गॅसभाऊ! अंडी भाजतात, सूर्य ऐकेना, चादर जुळेना. थांबा ना!”

गॅस म्हणाला, “मी काय हौसेनं आलो? जुन्या फ्रिजच्या नळीत गारेगार बसलो होतो. मिस्त्रीमामांनी नळी उघडली. फुस्स! आज वच्छीकाकूंच्या फ्रिजमधल्या माझ्या भावांची पाळी. मामांनी नळीला गॅस भरून घ्यायची टाकी लावली, तर ते थांबतील. जा त्यांच्याकडे.”

टुणुक टुणुक, वच्छीकाकूंच्या स्वयंपाकघरात.

मिस्त्री रफीकमामा जुन्या फ्रिजमागे बसले होते. हातात पाना होता.

“मामा, मामा! अंडी भाजतात, सूर्य ऐकेना, चादर जुळेना, गॅस थांबेना. टाकी लावा ना!”

मामा म्हणाले, “गॅस टाकीत भरायला वेळ लागतो, बाळ. आम्ही सगळे हवेतच सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोण विचारतंय? त्यात काकूंची घाई! त्या थांबल्या, तर टाकी लावतो. जा त्यांच्याकडे.”

टुणुक टुणुक, ओट्यावर.

“काकू, काकू! अंडी भाजतात, सूर्य ऐकेना, चादर जुळेना, गॅस थांबेना, मामा टाकी लावेनात. थांबा ना!”

काकू म्हणाल्या, “माझी कुल्फी वितळतेय! मी नाही थांब—” मग त्यांनी खिडकीतून डबक्याकडे पाहिले. “अगं बाई! इवली इवली अंडी! रफीक, टाकी लाव.”

“आणि कुल्फी?”

“पिऊ.”

“मगाशी घाई कुणाची होती, काकू?”

“आधी तुझ्या तोंडाला टाकी लाव!”

काकू थांबल्या. मामांनी टाकी लावली. गॅसचे भाऊ टाकीत बसले. झाकण बंद. टक्क!

वर चादर जुळू लागली. जराशी. जराशी. कारण आधी वर गेलेला गॅस लवकर जात नाही. तो तिथेच बसून कुरतडतो.

“मग माझ्या पिल्लांचं काय?” चिमी म्हणाली.

मामांनी फ्रिजकडे पाहिले. फ्रिज काही दुरुस्त होणार नव्हता. मामांनी त्याचे दार काढले. काकूंनी विटा आणल्या. डबक्यावर दार आडवे ठेवले. सावली! गार गार सावली!

अंडी हलली. ठिपक्यांना शेपट्या फुटल्या. वळवळ वळवळ! एक पिल्लू, दुसरे पिल्लू, डबके भरून पिल्ले! चिमी मधोमध बसली. डराँव!

ही तात्पुरती सोय आहे.

चादर अजून जुळते आहे. भोक बारीक होते आहे. पण ते बुजलेले नाही. अर्ज प्रलंबित आहे.