आजीचा हात

ऐका मंडळी. राजे हत्तीवरून नगरात फिरत, त्या काळची ही गोष्ट.

एका नगरात सगुणा नावाची बाई राहत होती. बैलगाड्यांची चाके आणि घरांची दारे रंगवण्यात तिची अर्धी हयात गेली होती. मनात मात्र एकच ध्यास होता. तैलरंगात माणसे रंगवायला शिकायचे.

राजवाड्यातल्या चित्रशाळेत एका थोर चित्रकाराचे शंभर वर्षांपूर्वीचे चित्र होते. त्यात नाव काठाला लागली आहे, लहान नात उतरते आहे आणि आजीने तिला हात दिला आहे.

सगुणा तिथे शिकायला गेली, तेव्हा चित्रशाळेचे म्हातारे गुरुजी म्हणाले, "सगुणे, याची नक्कल कर. दसऱ्यापर्यंत जमली तर पुढचे शिकवीन. नाही जमली तर तुझे आहे ते काम बरे."

सगुणा रोज चित्रासमोर बसू लागली. नदी जमली, नाव जमली, चेहरेसुद्धा जमले. आजीचा हात काही जमेना. कधी तो लाकडासारखा ताठ दिसे, कधी नातीला ढकलतोय असे वाटे. सात वेळा तिने रंग खरवडून काढला. शेवटी कुंचला खाली ठेवला.

"गुरुजी, मी जाते. त्या थोर चित्रकाराच्या हाताला देवाचे देणे होते. मला कुठून येणार ते?"

"जायचे तर जा," गुरुजी म्हणाले. "पण त्याआधी खिडकीपाशी उभी राहा आणि चित्र कडेने बघ."

सगुणाने पाहिले. तिरप्या उन्हात आजीच्या हाताभोवती रंगाचे पुसट उंचवटे उठून दिसत होते. एक मनगट वर, एक खाली, मध्ये बोटेच बोटे. त्या थोर माणसाने तो हात कितीदा तरी रंगवला होता, झाकला होता, पुन्हा रंगवला होता!

"म्हणजे यांनाही जमत नव्हता?"

"जमेपर्यंत नव्हता."

सगुणाला हसू आले आणि डोळेही भरले. मग ती ते उंचवटे निरखत बसली. पहिला हात नातीला पकडत होता. दुसरा ओढत होता. शेवटचा मात्र तळवा वर करून नुसता पुढे झाला होता, नातीने आपणहून धरावा म्हणून.

दसऱ्याला दोन दिवस उरले असताना सगुणाच्या कापडावर तो हात उतरला. गुरुजींनी बराच वेळ पाहिले आणि तिच्यासाठी नवे कोरे कापड ताणायला घेतले.

थोरांचे यश पाहून खचू नये; त्यांनी आपल्या चुका कशा सुधारल्या ते शोधावे, खरे शिक्षण तिथेच असते.