झोकेवाल्यांची यादी

माणसाला झोपाळा सुचायच्याही आधीची गोष्ट. एका रानात सत्तर घरांना वेलींचे झोके बांधायचं वेड लागलं होतं. कुणाला काही अडलं, की तो राघोजी पोपटाला सांगे आणि राघोजी ते शब्दन् शब्द आपल्या यादीतल्या सत्तर घरी ओरडून येई. उत्तरंही तशीच सत्तर घरी जात.

एकदा कासवआजोबा वैतागले. "माझं नाव यादीतून काढ रे बाबा, झोप होत नाही!"

राघोजीने इमानाने हेही सत्तर घरी सांगितलं. ससा म्हणाला, "बरोबर बोलले आजोबा." तेही सत्तर घरी गेलं. माकडीण ओरडली, "हे सगळ्यांना कशाला सांगता?" तेही गेलं! संध्याकाळपर्यंत राघोजीचा घसा पार बसला.

सुतारपक्षी म्हणाला, "यापुढे प्रश्न वडाच्या खोडावर कोरा. ज्याला हवं तो येऊन वाचेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. खारूताईने लगेच कोरलं, 'माझी वेल झिजलीय, गाठ कुठे मारू?' आठ दिवस तिकडे कुणी फिरकलंच नाही. नवव्या दिवशी वेल तुटली आणि खारूताई थेट चिखलात!

राघोजीला राहवेना. तो कासवआजोबांना वगळून एकोणसत्तर घरी एवढंच ओरडला, "वडावर खारूताईचा प्रश्न आहे!" तासाभरात खोडावर वीस गाठींची चित्रं उमटली आणि जो तो हसत झुलायला लागला.

तिसऱ्या दिवशी कासवआजोबा धापा टाकत पोचले. "एवढी मजा चाललीय आणि मला कुणी सांगितलं नाही? माझं नाव परत घाल!"

"आत्ता सगळ्यांना सांगून येतो!" म्हणत राघोजी उडाला, तोच साऱ्यांनी मिळून त्याचं शेपूट धरलं.