तांबडं जहाज

"नियम संपले, चाचा. आता पुढे काय?"

सुनेत्रा तोरसकरने जाड वही टेबलावर ठेवली. इंग्रजीचे सारे अडेलतट्टू शब्द तिने तीन वर्षांत त्या वहीत कोंडले होते. कुठे आय आधी, कुठे ई आधी, आणि दोन्ही नियम धाब्यावर बसवणारे शब्द कुठले... सगळं तिला मुखोद्गत होतं. बी.एड.ला ती पहिली आली होती.

दाऊदचाचांनी वही उघडली नाही. नुसता तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला.

चाचा जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्त झाल्यावर शिरवणे बंदरात मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात वायरलेस सांभाळायचे आणि सकाळी कोळणींना इंग्रजी शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती कुजबुज. म्हणून वर्ग चालवायला सोसायटीने सुनेत्राला बोलावलं होतं.

"वर्गात किती बायका येतात?" चाचा कुजबुजले.

"अकरा होत्या." सुनेत्रा थांबली. "आता एकच. शेवंतीवयनी. त्याही तोंड उघडत नाहीत. मी प्रत्येक चूक सुधारते, चाचा. एकही सोडत नाही."

"हं..."

खिडकीजवळच्या बाकावर शेवंती तांडेल मान खाली घालून बसली होती. बाहेर धुकं इतकं दाट, की धक्क्याचं टोक दिसत नव्हतं.

तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"चाचानू! चाचानू! जहाज इला! आमच्यार येता!"

शेवंती ताडकन उठली. आवाज तिच्या नवऱ्याचा, जनार्दनचा होता.

"तांबडा जहाज! दक्षिणेसून येता! जाळा इंजिनाच्या पंख्यात अडाकला, होडी हलना नाय! आरडान आरडान घसो बसलो, आयकणत नाय ते!"

ऐकणार कसे? जहाज परदेशी. मालवणी कोण समजणार?

चाचांनी माइक उचलला, ओठांपाशी नेला... आणि त्यांना आठवलं. त्यांनी तो सुनेत्राच्या हातात कोंबला.

"बोल, पोरी!"

सुनेत्राने बटण दाबलं. "हॅलो. देअर इज..." ती अडखळली. होडी एक. पण आत माणसं पुष्कळ. इज की आर? नियम तिला पाठ होता. त्याचा अपवादही पाठ होता. अपवादाचा अपवादसुद्धा. "देअर आर... सॉरी. देअर इज अ..."

"से अगेन," पलीकडून परका आवाज आला. "हू इज कॉलिंग? से अगेन."

 सुनेत्राच्या डोक्यात वहीची पानं फडफडत होती, आणि जिभेवर एक शब्द येईना.

माइक तिच्या हातातून हिसकावला गेला.

"शीप!" शेवंती ओरडली. "रेड शीप! रेड शीप! दिस शिरवणे! यू स्टॉप!"

"शिरवणे, गो अहेड."

"बोट फ्रंट! यूवर फ्रंट! बोट नो गो! माय मॅन इनसाइड! फोर मॅन इनसाइड!"

चाचांनी वर्गाच्या पाटीवर खडूने भला मोठा बाण काढला. डावीकडे, खोल समुद्राकडे.

"यू गो लेफ्ट! लेफ्ट, लेफ्ट, लेफ्ट! नाऊ!"



सुनेत्राने टेबलाची कड घट्ट धरली होती. पलीकडचं ऐकायला शेवंतीने बटणावरचा अंगठा बरोबर वेळेवर सोडला होता.

"शिरवणे, अंडरस्टूड. टर्निंग टू पोर्ट."

"पोर्ट?" सुनेत्रा किंचाळली. "पोर्ट म्हणजे बंदर! चाचा, ते बंदराकडे वळतंय! होडीवरच जाईल!"

चाचांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचा डावा हात वर झाला.

"खलाशांचं डावं."

सुनेत्रा त्या हाताकडे बघत राहिली. हा अर्थ तिच्या वहीत नव्हता.

धुक्यात कुठेतरी भोंगा वाजला. लांबलचक. मग वायरलेस पुन्हा खरखरला, आणि आधी ऐकू आलं ते चौघांचं हसणं, रडणं, शिव्या, सगळं एकदम.

"गेला! बाजूसून गेला! काय लाटो मारल्यान... होडी पाळण्यासारखी हलली! चाचानू, कोण बोलला ता?"

शेवंतीने बटण दाबलं. "मी, मेल्या! मी बोललंय!"

 पलीकडे चौघांनी अशी आरोळी ठोकली, की खिडकीचं तावदान थरथरलं. धक्क्यावरून बायका धावत आल्या. दारात गर्दी झाली. कोणी शेवंतीला मिठी मारत होतं, कोणी "काय म्हटलस गे? परत म्हण!" म्हणून मागे लागलं होतं. शेवंती पुनःपुन्हा सांगत होती, आणि दर खेपेला तिचा आवाज चढत होता. "यू गो लेफ्ट! नाऊ!" मागून पोरीबाळीही ओरडू लागल्या.

सुनेत्रा भिंतीला टेकून उभी होती. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

गर्दीतून वाट काढत शेवंती तिच्यासमोर आली. घामेजलेली, लालबुंद.

"बाय, खरा सांग. माजा काय चुकला?"

सुनेत्राने तिचे दोन्ही हात धरले. "काही नाही, वयनी. एक अक्षर चुकलं नाही!"

मागून तिच्या खांद्यावर हात पडला. चाचा होते. कुजबुज इतकी हलकी, की दारातला सगळा गलका ती ऐकायला गप्प झाला.

"खोटं बोलू नकोस. 'रेड शीप' म्हणाली ती. जहाजाला मेंढी! शिकव."