ठकाईचं ढेकूळ

फार वर्षांपूर्वी, खरसवाडीच्या वेशीवरचा पिंपळ शेळीच्या तोंडाला लागेल एवढाच होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात ठकाई नावाची एक बाई होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, पण आवाज असा की तिनं उंबऱ्यातून हाक मारली तर शिवेपलीकडचे बैल चरायचे थांबत, असं म्हणतात. आमच्या गावाला वाढवून सांगायची खोड आहे, पण या एका गोष्टीवर कुणी कधी वाद घातलेला नाही.

ठकाईची जमीन म्हणजे गावाच्या उगवतीचा मोठा माळ. नुसता मुरूम. मूठभर माती उचलावी तर बोटांतून गळून जायची. तिथं खत टाकणं म्हणजे दगडाला तूप चोळणं, असं लोक हसून म्हणायचे. पण माळाच्या दोन्ही अंगांना तिच्या दिराची, हैबतीची रानं होती, आणि मधला हा तुकडा त्याच्या डोळ्यांत कुसळासारखा खुपायचा. वहिनीला जमीन राखता येत नाही हे एकदा गावापुढं ठरलं की माळ आपलाच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एका आषाढात ठकाई सकाळी माळावर गेली आणि बघते तर काय, जिकडं तिकडं मेंढरं! ना विचारलं ना सांगितलं, धनगरांचं बिऱ्हाड येऊन टेकलं होतं. मेंढरं कोंडायची वाघर ताणलेली, घोडी बांधलेली, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. ठकाईच्या अंगाचा तिळपापड झाला. काठी उगारून ती थेट बिऱ्हाडात घुसली.

"कुणाच्या रानात बसलायसा रं?"

बिऱ्हाडाचा म्होरक्या धुळबा उठून उभा राहिला. "तुमच्याच, आक्का."

"मग इचारायची रीत न्हाई?"

"इचारलं असतं तर न्हाई म्हणाला असता. मग ह्यांस्नी घिऊन कुठं गेलो असतो?"

असं म्हणून त्यानं एका मेंढीचा पाय उचलून दाखवला. घाटाकडच्या चिखलानं खूर पार कुजलं होतं. अशी कितीतरी मेंढरं लंगडत होती. "पाय टेकाय कोरडी जागा पायजे, आक्का. चार गावं हिंडलो. असा माळ कुठं न्हाई. पोळ्यापतूर ऱ्हाऊ द्या, खुरं वाळली की निघालोच."

आता बघा, जन्मभर ज्या माळाला सगळ्यांनी नावं ठेवली, त्या माळासाठी कुणीतरी चार गावं ओलांडून आलं होतं. ठकाईला आतून फार बरं वाटलं. पण ते तोंडावर दाखवील तर ती ठकाई कसली?

शिवाय तिला एक भीती होती. खरसवाडीत जुनी रीत अशी होती, की परक्या माणसानं आपल्या कालच्या राखेवर आज पुन्हा चूल पेटवली, की ती जागा त्याची झाली. मग त्याला उठवायचा हक्क मालकाला राहत नसे. म्हणून ठकाईनं काठी खाली टेकली आणि फर्मान काढलं. "ऱ्हावा पोळ्यापतूर. पर राखंवर चूल न्हाई. रोज सकाळी बिऱ्हाड उचलायचं आन् म्होरं सरकायचं."

"शबुद?" धुळबानं विचारलं.

"शबुद."

तेव्हापासून रोज उजाडलं की ठकाई माळाच्या कडेला उभी राहून ओरडायची, "राखंवर चूल न्हाई! उचला बिऱ्हाड!" की वाघर सुटायची, घोडी लादली जायची, मेंढरं बें बें करत पुढच्या तुकड्यावर जायची. तिच्या त्या हाकेनं गावातली कोंबडी आरवायची विसरली, असं म्हणतात.

हैबतीला हे आयतंच सापडलं. त्यानं चावडीवर पंच बोलावले आणि साळसूदपणे वहिनीला सल्ले द्यायला लागला. गडी घाल अन् काठीनं हाण. नाहीतर कुत्री सोड. नाहीतर आडाचं पाणी तोड, तहानेनं आपसूक जातील. तेही नको तर सरकारवाड्यात फिर्याद दे. प्रत्येक सल्ल्याला ठकाईनं नकाराची मान हलवली.

"शबुद दिलाय म्या," ती म्हणाली.

"जिला आपल्या रानातनं परका उठवता येत न्हाई, तिचं रान कसलं?" हैबती पंचांकडं वळला. "वैनीनं ढेकूळ चालून दाखवावं."

 ढेकूळ चालणं म्हणजे काय, तर जमिनीवर हक्क सांगणाऱ्यानं त्याच जमिनीतलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि हद्दीच्या दगडांवरून सगळी शीव चालायची. ढेकूळ अखंड राहिलं तर जमीन त्याची, फुटलं तर हक्क गेला. हे दिव्य काळ्या रानाच्या मालकाला सोपं. पण मुरमाचं ढेकूळ कधी कुणी पाहिलंय?

ठकाईला हे कळत नव्हतं असं नाही. पण राग नाकावर बसलेला. "चालते की," ती म्हणाली. "पोळ्याला चालते." दुसऱ्याच दिवशी तिनं माळाच्या कोपऱ्यात कुदळ मारून पाहिली. माती कानापर्यंत न्यायच्या आत भुगा होऊन तिच्या पदरात पडली. पुन्हा करून बघायचा तिला धीर झाला नाही. श्रावण आला, सरी यायच्या, ऊन पडायचं, आणि ठकाई रोज हाक मारून परत येताना तोंडाला पदर लावून रडायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हैबती दारात आला. "वैनी, आज त्यांस्नी हाकल. उद्या ढेकूळ चालाया नगं. मी बघतो पंचांचं." शबुद मोडलेल्या बाईचं पुढं चावडीवर कोण ऐकणार, असा त्याचा हिशेब.

 शेवटची थोडी मेंढरं अजून लंगडत होती, हे तिनं सकाळीच पाहिलं होतं.

"पोळा उद्या हाय, भावजी," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पोळ्याला सगळा गाव माळावर लोटला. बैलांची शिंगं रंगवलेली, झुली घातलेल्या, घुंगरांचा नुसता गलका. माती कुठून घ्यायची ते हैबतीनं बोटानं दाखवायचं, असं ठरलं होतं. त्यानं माळभर फिरून सगळ्यांत भिकार, खडकाळ जागा हेरली आणि म्हणाला, "हितं."

ठकाईनं डोळे मिटून कुदळ मारली. आणि काय सांगावं, कुदळीबरोबर काळंभोर, चिकट, ओलसर ढेकूळ वर आलं! अहो, येणारच. रोज एक तुकडा, रोज एक तुकडा, असं करत मेंढरं सबंध माळावर बसून गेली होती. लेंड्या न् मूत मुरले होते, वरून श्रावणाच्या सरी. हैबतीनं कुठंही बोट दाखवलं असतं तरी तेच निघालं असतं. ठकाईनं हुसकावून हुसकावून आपला माळ पिकता केला होता, आणि ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

ठकाई चालायला लागली. पहिल्या दगडाशी थोडी माती खांद्यावर पडली. दुसऱ्या दगडाशी ढेकूळ जड झालं. तिसऱ्यापाशी मागून येणारी बायामाणसं ओरडायला लागली, कारण ढेकळातून हुलग्याचा कोंब वर आला होता. मागं बैल, बैलांमागं मेंढरं, मेंढरांमागं गाव. ओढा ओलांडला तेव्हा वेल तिच्या खांद्यावर आला, चढण चढली तेव्हा फुलला, आणि ती पहिल्या दगडाशी परत पोचली तेव्हा कमरेपर्यंत शेंगा लोंबत होत्या, असं म्हणतात. हैबतीनं ढेकळात बोट खुपसून पाहिलं. बोट चिकटलं, ढेकूळ फुटलं नाही.

त्यानं बोट धोतराला पुसलं. मग हळूच म्हणाला, "वैनी, ह्यांस्नी म्होरल्या साली माझ्या रानात धाडशील का?"

"मला काय इचारतोस," ठकाई म्हणाली, "त्यांस्नी इचार."

आणि हैबती गेला की विचारायला, सगळ्या गावासमोर.

आज तो पिंपळ चार माणसांच्या कवेत मावत नाही. ठकाईच्या माळावर जोंधळा माणसाच्या डोक्याएवढा उंच होतो. अजूनही आषाढात धनगर येतात आणि खरसवाडीत कुणाच्याही रानात न विचारता उतरतात. पोळ्याला प्रत्येक घर आपल्या रानातलं ढेकूळ आणून माळाच्या पहिल्या दगडापाशी ठेवतं. आणि रोज सकाळी ज्याच्या रानात बिऱ्हाड असेल, त्याच्या घरची बाई बांधावर जाऊन ओरडते, "राखंवर चूल न्हाई! उचला बिऱ्हाड!"

एखाद्या दिवशी तिला उशीर झाला, तर उन्हं वर आली तरी धनगर वाघर सोडत नाहीत. घोडी लादून, भाकरी बांधून गावाकडं बघत बसतात. कुणी विचारलं, का रे थांबलात, तर म्हणतात, "आजून ठकाई उठली न्हाई."