कनकाच्या डोहातली मरळ

गोदावरीकाठच्या एका नगरात शुभदत्त नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या कोळीवस्तीत जन्माला आला होता. त्याची बायको भद्रा आणि एकुलती मुलगी कनका. बोधिसत्त्व मुळात कमी बोलणारा. ती उणीव भद्रा एकटीने भरून काढी.

पावसाचा जोर ओसरला की नदीकाठच्या खळग्यांत डोह साचून राहत, आणि एकेक डोह एकेका घराच्या वाट्याला येई. मूल सहा वर्षांचे झाले की भाद्रपदात सगळे घर त्याला घेऊन आपल्या डोहावर जाई. आई भाकऱ्या बांधून घेई, बाप गळ बांधून देई. मुलाने स्वतः काढलेला पहिला मासा वस्तीत नेऊन शिजवीत आणि घरोघर त्यातला घास वाटीत. तिथून पुढे ते मूल वस्तीचे झाले. पण दोन वर्षे गळ रिकामा आला, तर पोराच्या हाताला यश नाही असे ठरे. मग त्याला कोणी जाळ्याला शिवू देत नसे.

कनकाचे पहिले वर्ष रिकामे गेले होते. ती तशी जन्मापासून नाजूक, आणि लोकांच्या तोंडाला काही झाकण नसते. दुसऱ्या वर्षी डोहाकडे जाताना भद्रा वाटभर नवस बोलत होती.

दुपार झाली तरी गळाला काही लागेना. बोधिसत्त्व आमिष आणायला पलीकडे गेला, तेव्हा भद्राला पाण्यावर लालसर डाग हलताना दिसला. ती मरळीची पिले होती. अशा पिलांच्या खाली त्यांची आई पहारा देत असते आणि जवळ येईल त्यावर तुटून पडते. तिला पकडायला आमिषही लागत नाही. कोळ्याचे पोरही हे जाणते, आणि चांगला कोळी तिथे कधी गळ टाकत नाही. भद्रालाही ते ठाऊक होते.

"तिथे टाक," तिने मुलीला सांगितले.

क्षणात दोरी ताणली. मायलेकींनी मिळून हातभर लांबीची मरळ काठावर ओढली. कनका आनंदाने नाचू लागली. भद्राने टोपली पुढे केली, तोच बोधिसत्त्व परत आला. त्याने मरळीकडे पाहिले, मग पाण्याकडे. लाल पिले पांगली होती आणि दुसरे मासे त्यांच्यावर तुटून पडले होते.

"कनका, मासा तू काढलास. शाबास," तो म्हणाला. "आता त्या पिलांकडे बघ. ही त्यांची आई आहे. ही गेली तर संध्याकाळपर्यंत त्यांतलं एकही उरणार नाही."

"अहो, पोरीचं काय होईल?" भद्रा टोपली तशीच धरून म्हणाली. "उद्या तिला शेजारी कोण उभं करील?"

"मी करीन," बोधिसत्त्व म्हणाला. त्याने अलगद गळ काढला, मरळ कनकाच्या हातांत दिली आणि ते हात पाण्यात धरले. मरळ निसटली, तशी कनका रडू लागली. त्याने तिला रडू दिले.

वस्तीचा नाईक उग्रक रीतीचा पक्का होता. रिकामी टोपली पाहून आणि घडलेले ऐकून तो म्हणाला, "सोडलेला मासा मोजत नाहीत. पोरीने जाळ्याला हात लावायचा नाही."

"ठीक आहे, नाईक," बोधिसत्त्व म्हणाला. "मग त्या डोहात माझंही जाळं पडणार नाही. जिथे तिला मज्जाव, तिथे मला काय करायचंय?"

वाट्याचा डोह सोडून तो पहाटेच लांबच्या धारेवर जाऊ लागला. मिळकत निम्म्यावर आली. भद्राने वर्षभर त्याच्या पानात वाढले, पण एक शब्द वाढला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झालाच नाही. नदी आटली, डोहांत चिखलपाणी उरले, मासे पांढरे होऊन तरंगू लागले. पण मरळ चिवट जात. ती वर येऊन श्वास घेते आणि गढूळ पाण्यातही तग धरते. बोधिसत्त्वाच्या डोहात त्या दिवशीची पिले वाढून मोठी झाली होती. वस्तीत पोरे भुकेने किरकिरत होती, तेव्हा उग्रक खाली मान घालून त्याच्या दारात आला.

"डोह कनकाचा," बोधिसत्त्व म्हणाला. "तिला विचारा."

उग्रक त्या चिमुरडीपुढे बसला. "बाळ, माझा नातू उपाशी आहे."

कनकाने गळ उचलला. "सगळ्या पोरांना घेऊन चला. पण पोटात अंडी असलेली परत सोडायची. कशी ओळखायची ते मी दाखवीन."

त्या दिवशी वस्तीतली एकूण एक आई, एकूण एक बाप आपापल्या पोराला घेऊन डोहावर होते. पोरांना गळ धरायला कनका शिकवीत होती आणि टोपली उग्रकाने धरली होती. प्रत्येक घरी चूल पेटली.

भद्रा नवऱ्याजवळ येऊन बसली. "त्या पिलांवर गळ मीच टाकायला लावला होता."

"मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"लेकरासाठी तुझा जीव तुटत होता. त्या मरळीचाही तसाच तुटत होता. कुणाला बोल लावू?"

भद्राच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. वर्षभराच्या अबोल्यानंतर तिला एवढेच सुचले. "तुमचे उपकार झाले हो," ती त्याला म्हणाली, आणि तिने डोहालाही हात जोडले.

आपल्या पूर्वजन्माची एवढी कथा विहारात सांगून शास्ता थांबले. मग श्रोत्यांकडे पाहून म्हणाले, "तेव्हाचा उग्रक नाईक म्हणजे विहाराला आपली आमराई देणारा हा वृद्ध उपासक. कनका म्हणजे त्याच्यामागे बसलेली ती तरुण भिक्षुणी. भद्रा म्हणजे रोज आपल्याला भात वाढणारी आणि नको म्हटले तरी आणखी वाढणारी ही माउली. आणि तो कोळी मी होतो. हाताने दिलेले दान सगळ्यांना दिसते. भिक्षूंनो, घेता येत असताना पाण्यात राहू दिले, तेही दानच होते."