डावी पाकळी

"औषध द्यायचं की नाही, एवढंच विचारा देवाला," डॉक्टर रघुवीर म्हणाला.

दाजी गुरव रवळनाथाच्या मूर्तीसमोर बसले होते. गावाला कौल लावून देण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"तुझी ती तपासणी काय म्हणते?"

शहरातल्या इस्पितळात रघुवीरने एक तपासणी बसवली होती. अंगातल्याच ताकदीला जागं करून कॅन्सरशी झुंजवणारं एक औषध निघालं आहे. ते कुणाला लागू पडेल, हे ती आधीच सांगायची. तिच्यामुळे त्याचं नाव झालं होतं.

"नाही म्हणते. नेत्राला लागू पडणार नाही. उलट अंगावर येईल."

नेत्रा त्याची एकुलती लेक.

"आजवर ज्यांना तपासणीनं नाही म्हटलं, त्यांतलं कुणी या औषधानं वाचलं असतं?"

"त्यांना ते दिलंच नाही, दाजी."

"म्हणजे..."

"म्हणजे माहीत नाही."

दाजींनी समोरचं एक फूल उचललं.

"लहानपणी तू हसायचास मला. पाणी सुकलं की पाकळी पडते, त्यात देव कुठला, म्हणायचास."

"अजूनही तेच म्हणतो... लावा."

दाजींनी फुलाच्या दोन पाकळ्या भिजवून मूर्तीच्या छातीवर चिकटवल्या. उजवी पडली तर औषध द्यावं. डावी पडली तर देऊ नये.

दोघेही बघत राहिले.

डावी पडली.

"पुन्हा लावा," रघुवीर म्हणाला.

"तुलाही असं कुणी म्हणायचं का?"

"सगळेच. पुन्हा एकदा तपासा ना साहेब, म्हणायचे."

"मग?"

"मी म्हणायचो, उत्तर बदलत नसतं..."



दाजींनी नवी पाकळी घेतली. भिजवली. डाव्या बाजूला बसवली, आणि तिच्यावर अंगठा दाबून धरला. चांगला बराच वेळ. मग उजवीच्या कडेला नखानं हळूच टोकरलं.

रघुवीरने ते पाहिलं.

"दाजी... हे तुम्ही सगळ्यांसाठी करता?"

"उजवी पडेपर्यंत."

"आणि त्यांची माणसं वाचतात?"

दाजींनी ओला अंगठा धोतराला पुसला.

"ते माहीत नाही. इथं बसलेला तेवढा उठून घरी जातो, बाबा."